खाजनाची माती, भरतीची रेष: डिचोलीतले सहा आठवडे

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवते. मातीकाम आठ वर्षं करतेय, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लहान विजेच्या भट्टीवर. कलाकार रेसिडेन्सी, म्हणजे एखाद्या संस्थेकडे काही आठवडे राहून आपलं काम करणं, ही मोठ्या शहरातल्या, इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या लोकांची गोष्ट, असंच मला वाटायचं. 2024 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अशाच एका रेसिडेन्सीसाठी गोव्यात, डिचोलीला, सहा आठवडे राहून आले. जाण्याआधी जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते सगळं इथे लिहिते.

अर्ज भरला 14 जूनला. फी 500 रुपये. जुन्या कामाचे 20 फोटो, 500 शब्दांचं निवेदन आणि दोन शिफारसपत्रं मागितली होती. फोटोंना सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण प्रत्येकाखाली माप, वर्ष, कोणती माती आणि किती तापमानाला भाजलं हे लिहायचं होतं आणि माझ्याकडे त्याची नोंदच नव्हती. तुम्ही मातीकाम करत असाल तर आजपासून वहीत लिहायला लागा, अर्ज करायचा असो वा नसो. निवेदन मी आधी मराठीत लिहिलं, मोठ्याने वाचलं, मग भाच्याच्या मदतीने इंग्रजीत केलं. थेट इंग्रजीत लिहिलेला पहिला खर्डा माझा वाटतच नव्हता.

त्यात मी कबूल केलं होतं ते असं: पणजीत जुन्या इमारतींवर दिसतात तशा निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज धाटणीच्या लाद्या करीन आणि त्यांवर आजच्या गोव्याची चित्रं रंगवीन.

2 ऑगस्टला उत्तर आलं, प्रतीक्षा यादी. मी कुणालाच सांगितलं नाही. 29 ऑगस्टला फोन आला, एकजण येऊ शकत नाही, तुम्ही याल का? हो म्हणून फोन ठेवला आणि मग रजेची आठवण झाली.

दिवाळीच्या सुट्टीत थोडे दिवस बसत होते, बाकीची बिनपगारी रजा. शाळेला संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, तारखा घातलेलं पत्र हवं होतं. माझ्याकडे फक्त ईमेल होता. ते पत्र यायला 11 दिवस गेले आणि रजेचा अर्ज मला तीनदा करावा लागला. निवड झाल्याचं कळेल त्याच दिवशी असं पत्र मागून घ्या. पैशांचं म्हणाल तर, राहणं, स्टुडिओ आणि दोन भट्ट्या मिळून 18,000 रुपये मी भरले. साहित्याचे 12,000 रुपयांपर्यंत संस्था परत देणार होती, पण बिलं दाखवल्यावर. हे शेवटचे तीन शब्द तेव्हा मी घाईत वाचले.

3 नोव्हेंबरला रविवारी पोचले. म्हापशापर्यंत बस, तिथून कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, डिचोलीची गाडी. नरकचतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते आणि रस्त्याकडेला जळलेल्या नरकासुराच्या पुतळ्यांचे लोखंडी सांगाडे अजून पडून होते. आमचं घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे लांब ओसरी. आम्ही चौघं होतो. दोघांना मराठी येत होतं, एकीला हिंदी, एकाला फक्त इंग्रजी. पहिले दोन दिवस मी जेवायच्या टेबलावर फार कमी बोलले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून माती मळली आणि भीड चेपली.

पहिल्याच आठवड्यात पणजीला जाऊन लाद्या पाहिल्या. इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वारातल्या भिंतींवर 1935 मध्ये जॉर्ज कोलासो यांनी केलेलं काम आहे, एका पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग. वीतभर अंतरावरून पाहिलं तर निळा रंग एकसारखा नाही हे लक्षात येतं; कुंचला जिथे उचलला तिथे तो फिकट होतो, जिथे टेकला तिथे जवळजवळ काळा. मी तासभर उभी होते. परत येऊन तीन दिवस चित्रं काढली: होड्या, माड, चर्च, मासळीबाजार. चौथ्या दिवशी सगळी समोर मांडली तेव्हा वाटलं, ही कोल्हापुरात बसूनही काढता आली असती. त्यांच्यासाठी इथे येण्याची गरजच नव्हती.

रेसिडेन्सी सांभाळणाऱ्या ताईंना हे भीतभीतच सांगितलं. लिहून दिलेला प्रस्ताव मोडणं म्हणजे शब्द मोडणं, असं माझ्या मनात होतं. त्या म्हणाल्या, "सगळेच बदलतात गं. फक्त दहाव्या दिवसाच्या आत ईमेलवर कळव, म्हणजे फाइलला लागेल." हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी 8 नोव्हेंबरला चार ओळींचा ईमेल पाठवला: लाद्याच करणार, पण चित्रं नाहीत, इथली माती वापरून बघणार.

डिचोली मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाते. कुंभारवाड्यात गेले तेव्हा अंगणात एक काका घुमटाचं भांडं थापत होते. घुमट म्हणजे भजनात, आरतीत वाजतं ते मातीचं वाद्य. एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला लहान, मध्ये पोट. पूर्वी मोठ्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवत. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित झाली, आता बकऱ्याचं चढवतात. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. काका आतून एका हातात गोल दगड धरत होते आणि बाहेरून लाकडी थापी मारत होते. दर थापेला आवाज थोडा बदलत होता. मी विचारलं, जाडी कशी कळते? ते म्हणाले, "हाताला नाही कळत बाय. कानाला कळते."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच नार्व्याच्या फेरीबोटीने दिवाडीला जा म्हणून सांगितलं. नार्वे डिचोली तालुक्यातच आहे. तिथल्या सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नदी ओलांडून नार्व्याला आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. फेरीत उभी असताना सारखं तेच मनात होतं, की देव ज्या पाण्यावरून इकडे आला त्याच पाण्यावरून मी तिकडे निघालेय, माती आणायला.

दिवाडीवर खाजनं आहेत. खाजन म्हणजे खाडीची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून लागवडीखाली आणलेली. बांधात जागोजाग मानस असते. मानस म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार लागतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीतही तग धरणारा कोरगुट तांदूळ, नंतर मासळी. मी गेले तेव्हा कापणी उरकली होती, पायाखाली करडी, गुळगुळीत, चिकट माती. बोटांत घेऊन वळी केली आणि ती बोटाभोवती गुंडाळली. एकही चीर पडली नाही.

पण ती उचलून पिशवीत घालायची नाही. प्रत्येक जमिनीला मालक, कूळ असतं आणि बांध सगळ्यांचा असतो. 2011 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण दिलेलं आहे. आम्ही शेतकऱ्याचं घर शोधून काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माती व्हरात, पूण बांदाक हात लावूं नाकात." ताईंनी साध्या कागदावर पत्र तयार केलं: शेताच्या आतली माती, दोन गोणी, फक्त कलाकामासाठी, उरलेली परत आणून टाकू. दोन प्रती, दोघांच्या सह्या. मातीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. टेम्पोवाल्याने फेरीसकट 900 रुपये घेतले आणि बिल दिलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

त्याच दिवशी, 10 नोव्हेंबरला, मानशीजवळच्या चिऱ्याच्या भिंतीवर मला ओली रेष दिसली. भरती उतरून गेल्यावर ती जिथवर चढली होती तिथवर चिरा काळसर तांबडा राहतो, वर कोरडा, फिकट. मी टेपने भिंतीच्या माथ्यापासून ते अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. का लिहिलं ते तेव्हा माहीत नव्हतं. 12 तारखेला परत गेले आणि पुन्हा मोजलं, रेष वर सरकली होती. 16 ला, त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ती सगळ्यात वर होती. 24 ला, अष्टमी उलटल्यावर, हातभर खाली. दर दिवसाआड मी फेरी धरली, 4 डिसेंबरपर्यंत तेरा रेषा झाल्या. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे कधी सकाळी जावं लागे, कधी दुपारी. फेरीला पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, म्हणून हे परवडलं.

तेरा लाद्या करायच्या आणि त्या दिवशीचं पाणी जिथवर आलं तिथवर प्रत्येक लादी ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात, बुडवायची, हे तुळशीच्या लग्नाच्या रात्री सुचलं. आम्ही ओसरीवर चुरमुरे खात बसलो होतो.

आता मातीची गोष्ट. इथे मी चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माती पाण्यात भिजत घातली, दोन दिवसांनी ढवळून चाळली. स्टुडिओतली बारीक चाळणी दुसऱ्याच्या कामात अडकली होती, म्हणून मी स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी घेतली. काडीकचरा निघाला, मोठे शिंपले निघाले, माती हाताला लोण्यासारखी लागली. तिचे सहा वाडगे चाकावर काढले. वाळताना काठावर पांढरी भुरी आली. ते मीठ होतं. पाणी जिथून आधी उडतं तिथे, म्हणजे काठावर, मीठ साचतं, भिंतीला लोणा लागतो तसंच. ते मी ओल्या फडक्याने पुसलं. 22 ला भट्टी लावली, 980 अंशांना. आधी रात्रभर 100 च्या खाली ठेवून ओल काढली, 573 च्या आसपास अगदी सावकाश नेलं, कारण तिथे मातीतल्या गारेचं, म्हणजे क्वार्ट्झचं, आकारमान एकदम बदलतं आणि घाई केली तर भांडं तडकतं. 24 ला दिवाडीहून परतून दुपारी भट्टी उघडली. सहाही वाडगे अखंड, रंग पिकल्या चिकूसारखा. मी त्यांचे फोटो घरी पाठवले.

27 तारखेला सकाळी फळीवर पापुद्रे पडलेले दिसले. एका वाडग्याच्या पोटावर मसुराएवढा खड्डा आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. दुसऱ्यावर तीन. तिसरा बघत असतानाच बारीक टक् असा आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक कपची उडाली. संध्याकाळपर्यंत सहापैकी एकही धड राहिला नाही.

मला वाटलं भट्टीतच काही बिघडलं. एक खापर घेऊन काकांकडे गेले. त्यांनी नखाने तो पांढरा ठिपका खरवडला आणि म्हणाले, "चुना." पिठाच्या चाळणीतून शिंपल्याचे बारीक तुकडे निसटले होते. तिसऱ्या, खुबे, कालवं, खाजनात सगळ्यांची कवचं असतात. भट्टीत ती भाजून कळीचा चुना होतात. बाहेर आल्यावर चुना हवेतली ओल पितो, फुगतो आणि मातीला आतून ढकलून कपची उडवतो. गोव्यातल्या दमट हवेत त्याला तीन दिवस पुरले. काकांच्या घरातल्या आजींनी उपाय सांगितला: संशय असेल तर भांडं भट्टीतून निघालं की कोमट असतानाच पाण्यात बुडवून ठेवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. चुना एकदमच विरतो, मग मागाहून फुगत बसत नाही. खरा उपाय मात्र एकच, 80 मेशची, म्हणजे इंचाला 80 भोकांची, चाळणी आणि दोनदा चाळणं. ती मी म्हापशातून 650 रुपयांना आणली. त्याचं बिल घेतलं.

त्या रात्री मी खूप रडले. सतरा दिवस उरले होते. ताईंनी जेवण खोलीत आणून दिलं, काही बोलल्या नाहीत, आणि मला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेली माती तीनदा गोड्या पाण्यात धुतली, म्हणजे ढवळायची, रात्रभर बसू द्यायची, वरचं पाणी ओतून द्यायचं. मग 80 मधून दोनदा चाळली. कुंभारकाका माती जिभेला लावून मीठ बघतात, मीही बघितलं. खारटपणा उरला होता, पण निम्माच. लाद्यांसाठी मी आधीच विकतची स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, वापरली होती, कारण खाजनाची माती 1200 अंशांवर उभीच राहत नाही. हे एका चाचणीत कळलं होतं: छोटा तुकडा भट्टीत ठेवला, परत आला तो काळसर, चकचकीत डबक्यासारखा. नशिबाने तो फुटक्या बिस्क, म्हणजे ग्लेझ न लावता एकदाच भाजलेल्या, वाटीत ठेवला होता. अनोळखी मातीची चाचणी कधीही थेट भट्टीच्या फळीवर ठेवू नका, फळी वाया जाते आणि तिचे पैसे तुमच्याकडून घेतात.

ते डबकं मी टाकून देणार होते. उन्हात धरलं तेव्हा दिसलं, की हा तर ग्लेझ आहे. जी माती भांडं म्हणून उभी राहत नाही तीच वितळून दुसऱ्या मातीवर काच म्हणून बसते. मग आठ चाचण्या केल्या: नुसती माती, मातीत चुलीतली लाकडाची राख 10, 20, 30 टक्के, आणि चिरे कापतात तिथली चाळलेली तांबडी भुकटी थोडीथोडी मिसळून. 70 भाग माती, 30 भाग राख, 1240 अंश: गडद तपकिरी, जाडसर लागला तिथे पिवळट ओघळ. चिऱ्याची भुकटी घातली तर आणखी काळा. मला भिंतीवर दिसायचा तोच ओला काळपट तांबडा रंग. भुकटी आणि राख हाताळताना साधा कापडी मास्क चालत नाही, धुळीचा श्वसनमास्क लावा. गारेची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. राखेच्या पाण्याने कातडी सोलते, हातमोजेही हवेत. आणि असल्या घरगुती ग्लेझची भांडी प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय जेवायला वापरू नका.

लाद्या बिस्क होऊन तयार होत्या. 6 डिसेंबरला वही समोर ठेवून एकेक बुडवली. भिंतीवरचे 5 सेंटिमीटर म्हणजे लादीवरचा 1. प्रत्येक लादीवर पेन्सिलीने बारीक खूण, खुणेपर्यंत सरळ खाली, मनात पाच आकडे, सरळ वर. बुडवताना हात थरथरला तर रेष वाकडी येते. दोन लाद्या धुऊन, वाळवून पुन्हा कराव्या लागल्या. 7 ला भट्टी लावली. मध्ये वीज गेली, चाळीस मिनिटं, तेव्हा काटा 700 च्या वर होता. सगळे म्हणाले काही होत नाही, तरी मी भट्टीजवळून हलले नाही. 9 ला उघडली. एक लादी वाकली होती, एकीचा ओघळ फळीला चिकटला. अकरा चांगल्या निघाल्या.

शेवटच्या दोन दिवसांत ओपन स्टुडिओ असतो, म्हणजे लोकांना काम बघायला बोलवायचं. 13 डिसेंबरला लाद्या ओसरीच्या भिंतीवर ओळीने लावल्या, तारखा लिहिल्या नाहीत. काका आणि आजी आल्या. आजींनी एकेक लादी टिचकी मारून वाजवून बघितली. दिवाडीचे शेतकरी मुलाला घेऊन आले. हात मागे बांधून ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि मुलाला कोंकणीत काहीतरी म्हणाले. मुलगा मला म्हणाला, "बाबा म्हणतात, हे दोन उलटे लागलेत." मी वही आणून पाहिली. 18 आणि 20 नोव्हेंबरच्या लाद्यांची अदलाबदल झाली होती. पौर्णिमेचं पाणी उतरत असताना मध्येच एक रेष वर कशी जाईल? मी त्या काढून नीट लावल्या. त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला.

पैशांचं इथेच सांगून टाकते. 12,000 पैकी माझ्याकडे 7,340 ची पक्की बिलं होती. टेम्पो, राख, काकांकडून घेतलेली माती आणि त्यांनी शिकवण्यात घालवलेले दिवस यांचं काहीच नव्हतं. काकांना दिलेल्या 6,000 ची पावती साध्या कागदावर चालते, पण 5,000 च्या वरच्या रकमेला एक रुपयाचा महसुली तिकीट लावून त्यावर सही लागते. डिचोलीत ते शोधण्यात एक सकाळ गेली. तुम्ही चार-पाच तिकिटं घरूनच घेऊन जा. त्या पावतीतले 4,660 धरून बारा हजार पुरे झाले. टेम्पोचे 900 बुडाले. पैसे खात्यात जमा झाले 27 फेब्रुवारीला, तीन आठवणीच्या ईमेलनंतर. लाद्या पेंढ्यात बांधून दोन खोक्यांत, ट्रान्सपोर्टने कोल्हापूरला, 2,600 रुपये. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

14 डिसेंबरला सकाळी निघायचं होतं. अर्धी गोणी माती उरली होती आणि पत्रात लिहून दिलं होतं. ताईंच्या स्कूटरवर पुढे गोणी, मागे मी, पहिल्या फेरीने पलीकडे गेलो. पौर्णिमा आली होती, पाणी चढत होतं, मानशीचं दार नुकतंच लागलं होतं आणि त्याच्या फटीतून खाऱ्या पाण्याची एक बारीक धार आत येत होती. शेतात जिथून माती काढली होती तो खड्डा अजून दिसत होता. गोणी त्यात रिकामी केली, पायाने दाबली. मग सवयीने टेप काढला, पण पाणी अजून वर यायचं होतं आणि माझी बस साडेनऊची होती.